फिट करून पाठवलेलं रक्त

मामा फौजेत होते तोवर त्यांच्या घरी वर्षातून एकदा आठवडाभर अळणी स्वयंपाक व्हायचा. मामांची वार्षिक मेडिकल जवळ आली, असा त्याचा अर्थ. मीठ बंद म्हणजे बी.पी. खाली, रात्रीचं जेवण बंद म्हणजे वजन काट्यात. गुडघा दुखत असला तरी त्या आठवड्यात तो दुखायचा नाही. "एमओ विचारतो, एनी प्रॉब्लेम? आपण म्हणायचं, नो सर. झाली मेडिकल," असं मामा सुट्टीवर आले की रंगवून सांगायचे. एमओ म्हणजे पलटणीचा डॉक्टर. त्याच्यापुढे खरं बोलणारा जवान त्यांच्या मते बावळट, कारण मेडिकल कॅटेगरी खाली घसरली की बढती गेली, बरी पोस्टिंग गेली, आणि कंपनीत 'बिमार आदमी' हे नाव पडलं ते पडलंच. साताऱ्याकडच्या एका गावातून शिपाई म्हणून निघालेला माणूस सुभेदार होऊन बाहेर पडला तो असा, दरवर्षी डॉक्टरला फसवत.

आम्ही पोरं हसायचो. मामी मात्र म्हणायची, "हसताय काय, मलाबी आठवडाभर अळणी गिळावं लागतंय."

आमच्या घरी याच्या बरोबर उलटं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये. ते संघटनेची पत्रकं लिहायचे आणि मी, अक्षरं नीट ओळखू यायच्या आधीपासून, त्यांच्या घड्या घालायचे. धरणग्रस्तांची पत्रकं, पगारवाढीची पत्रकं, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं. जे दुखतं ते मोठ्या टायपात छापायचं आणि चौकात उभं राहून वाटायचं, हे आमचं घराणं. मामा वडिलांना चिडवायचे, "दाजी, तुम्ही सरकारला कागद मारा, मी सॅल्यूट मारतो. पगार दोघांचाबी तिथूनच येतोय."

चंदीगडच्या विद्यापीठात मला प्रवेश मिळाला तेव्हा आईला धीर आला तो मामांमुळेच. निवृत्तीनंतर मामा-मामी इथंच राहिले होते, शहराला लागून असलेल्या मनीमाजऱ्यात, एका घराच्या वरच्या मजल्यावर. मामा एका शोरूमवर सिक्युरिटी सुपरवायझर होते. त्यांचा मुलगा बंगळुरूला. मामी फोनवर मराठीत रागवायची आणि तो हिंदीत माफी मागायचा. रविवारी मी होस्टेलवरून तिकडं जेवायला जायचे. मामीच्या हातची आमटी, मामांचे टोमणे. "काय कॉम्रेड, क्रांती झाली का? झाली असंल तर हात धू, बस जेवायला."

त्या हिवाळ्यात मामांचा खोकला थांबेना. धुक्याचा आहे, धुराचा आहे, असं सगळ्यांनी सांगून झालं. मग छातीचा फोटो निघाला, मग स्कॅन, मग सुई घालून काढलेला तुकडा. फुप्फुसाचा कॅन्सर, आणि तो एका जागी राहिलेला नव्हता, म्हणून ऑपरेशनचा विषयच संपला. गल्लीत ज्याला कळलं त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "सिगरेट पीते थे?" पीत होते. मग काय? प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मी विसरणार नाही. कारण सापडलं की लोकांना आपण सुटलो असं वाटतं.

शहराच्या कडेला असलेल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात एक अभ्यास चालू होता. इम्युनोथेरपीचं एक महागडं औषध काही पेशंटना फुकट मिळणार होतं. त्या औषधाची किंमत मामीने आधी एकदा विचारली होती आणि परत येताना ऑटोत एक शब्द बोलली नव्हती. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मंजुरी मिळाली तर मिळाली, पण कधी, ते कोणी सांगत नव्हतं. म्हणजे मामांना ते औषध मिळायचं तर या अभ्यासातूनच मिळणार होतं.

तिथल्या डॉक्टरीणबाई बऱ्या होत्या. घाईत, पण बऱ्या. त्यांनी हिंदीत समजावलं. हे औषध स्वतः गाठ मारत नाही. आपल्या रक्तातल्या पहारेकरी पेशींना गाठीने जो ब्रेक लावून ठेवलेला असतो तो ब्रेक ते सोडवतं. पण मुळात पहारेकरीच थकलेले, कमी झालेले असतील तर ब्रेक सोडून काय उपयोग? म्हणून आधी रक्त बघायचं. कुठल्या पांढऱ्या पेशी किती आहेत, त्यांचं आपसातलं प्रमाण काय, सूज दाखवणारे पदार्थ किती. त्या सगळ्याचा मिळून एक आकडा काढायचा. आकडा ठरावीक रेषेच्या वर असेल त्याला औषध लागू पडण्याची शक्यता जास्त, म्हणून अभ्यासात घ्यायचं.

"लागू पडेलच असं नाही," त्या म्हणाल्या. "अंदाज़ा है."

मामांनी विचारलं, "मतलब टेस्ट पास करना पड़ेगा?"

"हां, ऐसा ही समझ लीजिए," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी तिथंच अडवायला हवं होतं, असं मला कोणी म्हणेल. मी तो दोष घेणार नाही. जिला पगार मिळतो, जिच्याकडे ज्ञान आहे, जी रोज असे दहा जण बघते, तिने 'ऐसा ही समझ लीजिए' म्हणायचं आणि समजून घेण्याची जबाबदारी मात्र पेशंटच्या भाचीची, ही वाटणी मला मान्य नाही.

बाहेर आम्हाला एक चकचकीत पत्रक मिळालं. हिंदीत आणि इंग्रजीत. वर निळ्या आकाशाकडे बघणारा एक म्हातारा, सगळे दात शाबूत. 'आपके खून में है आपके इलाज का रास्ता.' पत्रक हातात आलं की मी आधी खाली बघते, कोणी छापलंय. औषध कंपनीने छापलं होतं. मग मी बघते, काय लिहिलेलं नाही. बाकी सगळं होतं, कुठं गाडी लावायची तेसुद्धा. रक्ताचा हा आकडा कशाने बिघडतो, त्याबद्दल एक ओळ नव्हती.

मामा मात्र घरी आले ते तरतरीत होऊन. आजार त्यांना कळत नव्हता, मेडिकल कळत होती. त्यांना आता तारीख मिळाली होती. तयारी सुरू झाली. सकाळी गच्चीवर फेऱ्या, दम लागला की कठड्याला धरून उभं राहायचं, पुन्हा फेऱ्या. मामीने बीट आणलं, डाळिंबं आणली, अळिवाचे लाडू केले.

"अगं मामी, हे त्याच्यासाठी नसतं," मी म्हटलं. "पेशी वेगळ्या. लाडवाचा काही संबंध नाही."

"असू दे. रगत म्हणजे रगत. काढायला घेतलं आन् निघालंच न्हाई तर?"

आठवड्याभरात मामा खरंच सुधारले. खोकला बसला. भूक लागली, ती इतकी की सकाळी पराठे, दुपारी भाकरी, चारला पुन्हा काहीतरी. गाल भरले. गाणी म्हणायला लागले. मामी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "औषध सुरू व्हायच्या आधीच गुण यायलाय बघ." तिने देवापुढे साखर ठेवली. मी नास्तिक बापाची नास्तिक पोर, पण त्या दिवशी मी ती साखर खाल्ली.

रक्त द्यायला मीही बरोबर होते. एक तरुण मुलगी समोर बसून प्रश्न विचारत होती. शुगर? थायरॉइड? टीबी? तंबाखू? स्टेरॉइड? कोई देसी दवाई? तिचा सूर रेल्वेच्या घोषणेसारखा होता. मामा ताठ बसून प्रत्येकाला एकच उत्तर देत होते, "नो." मध्ये एकदा सवयीने "नो सर" निघालं आणि ती मुलगी हसली. मामाही हसले. मग नळ्या भरल्या.

निकाल फोनवर आला. अंकल जी, आप स्क्रीन फेल हो गए हैं. त्यांच्या बोलीत अभ्यासात न बसणाऱ्याला असंच म्हणतात. स्पीकर चालू होता. मामांनी "ओके, थँक यू" म्हटलं आणि फोन टेबलावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ते मेडिकलमध्ये नापास झाले होते.

संध्याकाळी त्यांचे दोस्त आले. हे कराडकडचे, फौजेतून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त. मनीमाजऱ्याच्या बाजारात एक छोटा दवाखाना चालवायचे, पट्टी, इंजेक्शन, बी.पी. मामा त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे, आधी चेष्टेने आणि नंतर खरोखर. बातमी ऐकून ते खुर्चीतून उठलेच.

"फेल? असं कसं फेल? मी फिट करून पाठवलाय ह्याला! चेहरा बघा वहिनी. श्वास बघा. पंधरवड्यापूर्वी जिना चढत नव्हता. मी गोळी चालू केली तेव्हा कुठं—"

"कसली गोळी?" मी विचारलं.

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. पण दोस्ताला आपल्या कामाचा अभिमान होता. "डेक्सा. बारीक गोळी. कितीतरी जवानांना दिलीय मी. दम बसतो, भूक लागते, माणूस ताजातवाना दिसतो. मेडिकलच्या आधी बेस्ट."

डेक्सा म्हणजे स्टेरॉइड. मी मोबाइल काढून वाचत गेले. स्टेरॉइड शरीराच्या पहारेकरी पेशींनाच दाबून टाकतं. रक्तातलं प्रमाण उलटंपालटं होतं, नेमकं तेच प्रमाण ज्यावरून ते आकडा काढत होते. मामांनी परीक्षेसाठी जी तयारी केली होती त्या तयारीनेच उत्तरपत्रिका पुसली होती.

मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. हळू, नरम आवाजात वाचायला हवं होतं म्हणे. मामी तसं नंतर म्हणाली. मला नरम आवाज येत नाही.

दोस्त खाली बसले. मग मीच म्हटलं, "उद्या जाऊन डॉक्टरांना सांगायचं. पुन्हा रक्त घ्यायला लावायचं."

"काय सांगायचं?" मामा म्हणाले. "मी खोटं बोललो, असं? आन् गोळी कुणी दिली म्हणतील, मग? ह्याचा दवाखाना बंद करू?"

"मामा, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे!"

"माझ्या जिवाचा हाय, मग मला बोलू दे. तू तुझी घोषणा खाली चौकात दे."

मामी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "तुमच्या मेडिकलपायी मी वर्सानुवर्सं बिनमिठाचं खाल्लंय. आता मी सांगणार हाय. गोळी कुठनं आणली इचारलं तर म्हणंन, मीच आणली."

आणि तिने खरंच सांगितलं. मोडक्या हिंदीत, उभ्याने, डॉक्टरीणबाईंच्या टेबलाच्या कडेला धरून. मामा शेजारी बसून समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"पूछा था ना आपसे?" बाई थकून म्हणाल्या.

"पूछा था," मी म्हटलं, "तंबाखू आणि देसी दवाई यांच्या मधे. का विचारताय ते सांगितलं नव्हतं. आणि टेस्ट पास करायची असते असं तुम्हीच म्हणाला होता."

मामांनी माझा दंड घट्ट धरला. बाईंनी माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघितलं, आणि मला वाटतं बाईंना कळलं, हा माणूस इथं मेडिकल द्यायला आला होता. त्यांनी कोणाला तरी फोन केला, बराच वेळ इंग्रजीत वाद घातला. शेवटी म्हणाल्या, एकदा पुन्हा रक्त घेता येईल. पण गोळी हळूहळू कमी करून पूर्ण बंद करायची आणि त्यानंतर दोन आठवडे थांबायचं. तोवर दुसरा कुठलाही उपचार नाही.

ते दोन आठवडे. गोळीने जे झाकून ठेवलं होतं ते सगळं गोळी जाताच बाहेर आलं. मामा गच्चीवर जायचे बंद झाले, मग जिना बंद, मग आंघोळ स्टुलावर बसून. एक वाक्य दोन श्वासांत बोलायचे. भूक गेली. अळिवाचे लाडू डब्यात तसेच. दुपारी उन्हात खुर्ची टाकून द्यायचो तर खुर्चीपर्यंतची चार पावलं त्यांना मोठी वाटायची. मी रोज विद्यापीठातून थेट तिकडं जायचे. एकदा मला म्हणाले, "कॉम्रेड, खरं बोलायचं... लय महाग असतंय गं." चेष्टेच्या सुरात म्हणायचा प्रयत्न होता. सूर लागला नाही.

ते दोस्त त्या दिवसांत आलेच नाहीत. बाजारात मी त्यांच्या दवाखान्यावरून जायचे तेव्हा ते कोणाची तरी पट्टी बांधत खाली मान घालून असायचे.

दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हा मामा चाकाच्या खुर्चीत होते. प्रश्न विचारणारी मुलगी तीच. यावेळी ती प्रत्येक प्रश्नावर थांबत होती.

आकडा आला. आधीपेक्षा वर. रेषेच्या खाली.

"म्हणजे गोळीमुळे आकडा पडला नव्हताच का?" मी विचारलं. "की गोळीचा अजून परिणाम आहे? की मधल्या दिवसांत आजार वाढला म्हणून?"

"नहीं कह सकते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिन्ही शक्य आहेत." मग त्या खरं बोलल्या, आणि त्या खऱ्याचा मला जितका राग आला तितका कुठल्या खोट्याचाही आला नव्हता. रेषेच्या खालच्या काहींनाही हे औषध लागू पडतं. वरच्या काहींना पडत नाही. अजून कोणालाच हे पक्कं सांगता येत नाही, म्हणून तर अभ्यास. "यह अंदाज़ा है, फ़ैसला नहीं."

मामांनी श्वास गोळा केला. "तो मैडम, फ़ैसला किसने किया?"

बाईंनी मान खाली घातली. "प्रोटोकॉल ने," त्या म्हणाल्या.

मी त्या रात्री होस्टेलवर बसून पत्रक लिहायला घेतलं होतं. तीन ओळींवर अडले. पत्रकाला शत्रू लागतो. कंपनी होती, पण तिने काही लपवलं असं म्हणता येत नव्हतं, तिने फक्त सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आमच्यासाठी भांडण केलं होतं. दोस्ताने जीव लावून गोळी दिली होती. फौजेने माणसाला शरीर लपवायला शिकवलं होतं, पण पोटही फौजेनेच भरलं होतं. आणि विज्ञान? मी विज्ञानाच्या बाजूची पत्रकं वाटत मोठी झाले. विज्ञान म्हणालं, सांगता येत नाही. हे प्रामाणिक उत्तर आहे हे मला माहीत आहे. पण 'सांगता येत नाही' म्हणणाऱ्याने दार मात्र पक्कं बंद केलं होतं, आणि ते ज्याच्या तोंडावर बंद झालं त्याला शिक्का मिळाला होता, फेल.

त्याच हॉस्पिटलात साधी केमो सुरू झाली. ती मामांना झेपते म्हणावं तर झेपते. केस गेले, वजन गेलं. श्वास थोडा सुटला.

तिसऱ्या केमोला मी बरोबर होते. शेजारच्या खुर्चीत ऊना गावाकडचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, हिमाचलच्या बसवर आयुष्यभर ड्रायव्हर. त्यांना आत बोलावणं यायचं होतं. त्यांच्या मांडीवर ते चकचकीत पत्रक होतं. मामांची ताठ बसायची ढब बघून त्यांनी विचारलं, "फौजी साब, ये ख़ून वाली टेस्ट आपने दी है? इसमें करना क्या होता है?"

मामांनी आधी सलाइनची नळी सरळ केली. मग म्हणाले, "करना कुछ नहीं. जितना पूछें, उतना बोलो. अपनी तरफ़ से कुछ मत बोलो. मैंने बोला था. पंद्रह दिन साँस नहीं आई, और मिला कुछ नहीं."

"मामा!" मी म्हटलं.

"गप बस. अनुभवाचं सांगतोय."

मी त्यांच्यावरून वाकून त्या ड्रायव्हरना म्हटलं, "बाबाजी, कोई भी गोली खाते हो, खाँसी की, दम की, किसी की भी दी हुई, तो इनको ज़रूर बताना. वो पूछें, न पूछें. इससे टेस्ट बिगड़ती है."

म्हाताऱ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मामांकडे. एका बाजूला विद्यापीठातली एक पोरगी, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच वयाचा, त्यांच्यासारखाच आजारी, टक्कल पडलेला सुभेदार. त्यांच्या स्वेटरच्या खिशात पुडीसारखं काहीतरी होतं, त्यावर त्यांनी नकळत हात ठेवला. आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, मामांना हात जोडून "राम राम, साब" म्हणाले आणि आत गेले.

मामांनी डोळे मिटून घेतले होते.